लेकरू आहेस अजून!

संपादक साहेब, नमस्कार.

वाळूज एमआयडीसीत एका कंपनीत सहा वर्षं झाले मी सीएनसी मशीनवर (कॉम्प्युटरवर चालणारं, धातू कापायचं मशीन) आहे, सेटिंग मीच करतो, नवीन पोरांना शिकवतो पण मीच, अन् सुपरवायझरची जागा निघाली की एचआरवाले म्हणतात, "लेकरू आहेस अजून, लोकं तुझं ऐकायचे नाहीत". माझं वय 27. शेवटी बाहेरून 45 वर्षांचा माणूस आणला आणि त्यांना आमच्या मशीनवर ऑफसेट (हत्याराच्या मापाचा फरक) टाकायला मीच शिकवलं (माणूस चांगलाय, त्यांचा काय दोष). धाकटा भाऊ आयटीआय करून घरी बसलाय, त्याला दोन वर्षांचा अनुभव मागतात, आता कामच देईनात तर अनुभव काय आठवडी बाजारात भेटतो का?

कायदा बघावा म्हणलं तर घटनेच्या कलम 16 मधे ज्यावरून भेदभाव करायचा नाही त्यात धर्म, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाही, अन् ते कलम बी सरकारी नोकरीपुरतंच. अमेरिकेत नोकरीत वयावरून भेदभाव करू नये म्हणून 1967 चा कायदा आहे, तो पण 40 अन् त्याच्या पुढच्यांसाठीच.

प्रमोशन कशावर देता ते निदान नोटीस बोर्डवर तरी लावा.

- एक कामगार, वाळूज, छत्रपती संभाजीनगर