पुनर्विकासात गॅलरी कोणाच्या हिशेबात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विलेपार्ले पूर्वेतील आमच्या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरत आला आहे. लागोपाठ दोन रविवारी सभा झाल्या. जादा जागा किती टक्के, कॉर्पस (विकासकाकडून सभासदांना मिळणारा निधी) किती, भाडे किती महिन्यांचे आगाऊ, पार्किंग प्रत्येकाला मिळणार की नाही, यावर मिळून पाच तास गेले; नव्या घराचा नकाशा पडद्यावर जेमतेम दहा मिनिटे होता. त्या दहा मिनिटांत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एकच प्रश्न विचारला, "पावसाळ्यात कपडे कुठे वाळत घालायचे?" सल्लागारांच्या तरुण प्रतिनिधीने स्वयंपाकघराला लागून असलेल्या, डक्टकडे (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीकडे) तोंड केलेल्या एका कोनाड्यावर लेझरचा ठिपका धरला आणि म्हणाला, "ड्राय बाल्कनी आहे ना, काकू." सभा हसली आणि पुन्हा पार्किंगवर आली. काकूंचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, म्हणून हे पत्र.

आमच्या आताच्या घराला पश्चिमेकडे चार फुटांची गॅलरी आहे. डोक्यावर वरच्या मजल्याची गॅलरी असल्याने जुलैत झड आली तरी पाणी कठड्यालगतच्या दोन लाद्या भिजवून थांबते आणि आतल्या खोलीचे दार उघडे ठेवता येते. एप्रिल-मे महिन्यांतले भर दुपारचे ऊनही त्याच लाद्यांवर अडते. उतरत्या उन्हासाठी तेवढी चिक (काड्यांचा पडदा) सोडावी लागते. नव्या नकाशात या जागी जमिनीपासून छतापर्यंत काच आहे. तिने एलिव्हेशनला, म्हणजे इमारतीच्या दर्शनी रूपाला, उठाव येतो, असे आम्हाला सांगण्यात आले. पश्चिमेचे ऊन काचेतून थेट घरात येणार आणि पावसात ती काच बंद ठेवावी लागणार, म्हणजे वर्षातले बरेच महिने एसी चालवणे आले, हे मात्र कोणी सांगितले नाही.

वास्तविक या कोड्याचे उत्तर याच शहरात चाळीस वर्षांपूर्वी दिले गेले आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची कंबाला हिलवरील कांचनजंगा ही इमारत १९८३ साली पूर्ण झाली. मुंबईत वारा आणि समुद्राचे दर्शन हवे तर घर पूर्व-पश्चिम असावे लागते, पण कडक ऊन आणि पावसाचा मारा याही त्याच दिशांच्या देणग्या. जुन्या बंगल्यांनी घराभोवती व्हरांडा फिरवून यातून वाट काढली होती. कोरियांनी तोच व्हरांडा सुमारे ८४ मीटर उंचीच्या मनोऱ्यात नेला आणि दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या इमारतीच्या कोपऱ्यांत कोरल्या. पेडर रोडवरून जाताना मान वर केली की त्या काळोख्या चौकटी अजूनही दिसतात.

कांचनजंगा ही धनिकांची इमारत, आमच्यासारख्यांनी तिचे दाखले कशाला द्यावेत, असे कोणी म्हणेल. त्यांनी नवी मुंबईत बेलापूरला जाऊन कोरियांचीच आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत पाहावी. साडेपाच हेक्टरांहून किंचित कमी जागेत सुमारे ५५० कुटुंबांची सोय करताना त्यांनी सात-सात घरांचे पुंजके आठ मीटर लांबी-रुंदीच्या चौकाभोवती बसवले आणि एका घराची भिंत दुसऱ्याच्या भिंतीला जोडली नाही, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा घर वाढवता यावे. पुढे तिथली बरीच घरे पाडून मोठी झाली, मूळ रूप हरवले, याची हळहळ अनेक वास्तुरचनाकार व्यक्त करतात. मला त्यात फारसे वावगे वाटत नाही. घर वाढणार हे गृहीत धरूनच ती रचना केली होती. थोड्या जागेतही आकाश, चौक आणि उंबऱ्याबाहेरची वावरण्याची जागा यांना नकाशात मानाचे स्थान मिळू शकते, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

आजच्या पिढीतही या जातीचे काम होते. वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांनी अलिबागजवळ नांदगावला नारळीच्या बागेत ताडाच्या लाकडाच्या झडपांचे घर बांधले, ज्यात उजेड आणि वारा गाळून येतात. वास्तुरचनाकार समीप पडोरा यांनी फलटणजवळच्या साखरवाडीत झाडांना धक्का न लावता, खाणीतून उरलेल्या दगडाच्या भुकटीच्या भिंती उभारून बौद्ध अध्ययन केंद्र बांधले आणि कोपरगावच्या शाळेत विटांच्या पातळ कमानीचे असे ग्रंथालय केले, की मुले त्याच्या छपरावर चढून चालतात. दोघांचीही नाळ मुंबईशी जोडलेली आहे. पडोरांच्या कार्यालयाने तर मुंबईतल्या जुन्या चाळी आणि वसाहतींचा नकाशांसह अभ्यासही केला आहे. मग पार्ल्याच्या चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीपर्यंत ही जाण का पोहोचत नाही? माझ्या मते याचे उत्तर वास्तुरचनाकारांच्या प्रतिभेत शोधण्यापेक्षा हिशेबाच्या वहीत शोधावे.

पूर्वी महापालिकेच्या नियमांत ठरावीक मर्यादेपर्यंतची बाल्कनी एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल या मर्यादेत, मोजली जात नसे आणि अधिमूल्य भरून ती बंदिस्तही करता येई. आम्ही मुंबईकरांनी या सवलतीचा पुरेपूर फायदा घेतला. आमच्या वडिलांनीही मागची गॅलरी सरकत्या खिडक्या लावून खोलीत घेतली होती, आणि पुढे तिच्यात गाद्या आणि जुना मिक्सर राहिला. २०१२ साली नियम बदलले, बाल्कन्या आणि फ्लॉवर बेड एफएसआयमध्ये धरले जाऊ लागले आणि बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जादा, एफएसआय मिळाला. त्यामागचा हेतू गैरप्रकार थांबवण्याचा होता, तो चूक नव्हता. परंतु तेव्हापासून गॅलरीचा प्रत्येक फूट हा विकासकाच्या दृष्टीने खोलीतून कापलेला फूट झाला. दुसरीकडे २०१६ च्या रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने कार्पेट एरियाची, म्हणजे घराच्या आतल्या वापरण्याजोग्या क्षेत्राची, जी व्याख्या केली, तिच्यात घराची स्वतंत्र बाल्कनी धरली जात नाही. त्यामुळे "तुम्हाला किती कार्पेट मिळाले?" या प्रश्नाच्या उत्तरात सभासदालाही गॅलरी दाखवता येत नाही. पालिकेच्या वहीत ती खर्ची पडते आणि सभासदाच्या वहीत जमेस येत नाही. अशा जागेसाठी भांडणार कोण?

फ्रान्समध्ये नेमके उलटे घडले आहे. बोर्दो शहरात १९६०च्या दशकातील ५३० घरांच्या तीन इमारती जुनाट ठरल्या होत्या. लाकातों आणि वासाल या वास्तुरचनाकार जोडीने सहकाऱ्यांसह त्या न पाडता बाहेरच्या अंगाने प्रत्येक घराला सुमारे पावणेचार मीटर खोल अशी, काचेने उघडता-मिटता येणारी गॅलरी जोडून दिली आणि काम चालू असताना रहिवासी आपल्याच घरांत राहिले. या जोडीला २०२१ साली वास्तुकलेतला मानाचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. खाऱ्या हवेने सळया गंजलेल्या आमच्या इमारतीला हा उपाय लागू पडणार नाही, शिवाय आमच्या जमिनीचा भावही ते करू देणार नाही, हे मला कळते. तरीही तिथे जुन्या घराला गॅलरी जोडणे म्हणजे सुधारणा आणि आमच्याकडे ती काढून टाकणे म्हणजे सुधारणा, ही तफावत बोचते.

पालिकेने किमान चार फूट खोल, छपराखालची आणि कधीही बंदिस्त न करण्याच्या अटीवरची गॅलरी एफएसआयमधून वगळावी. अट मोडणाऱ्याकडून जबर दंड घ्यावा, त्यात आमच्यासारखेही आलेच. सोसायट्यांनी निविदा काढण्यापूर्वीच गॅलरीची खोली, सज्जे आणि समोरासमोरच्या खिडक्या या बाबी निविदेच्या अटींत लिहून घ्याव्यात, कारण विकासक नेमल्यावर त्यावर बोलण्यात अर्थ उरत नाही. आपल्या वास्तुविषयक पुरवणीतही मनोऱ्यांच्या रंगीत चित्रांसोबत घराचा नकाशा, उत्तर दिशेच्या बाणासह छापला जावा, अशी विनंती आहे.

काकूंचा प्रश्न पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, असे मी सचिवांना लेखी दिले होते. काल विषयपत्रिका हाती आली. तो सातव्या क्रमांकावर आहे, पार्किंगच्या खाली.

आपला नम्र,
एक वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई