साहेब, ती मुदत संपली का?

मा. अन्न व नागरी पुरवठा मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

गेल्या सोमवारी माझ्या रेशनकार्डात जोडीदाराचं नाव घालायला गेलो होतो. मी एकसष्टचा, यंत्रमागावर जन्म गेला. तो शिलाई करतो. सोलापुरात सव्वीस वर्षं आमची चूल एक आहे. समलिंगी जोडीदार रेशनकार्डापुरते एकाच घरातले धरा, असं केंद्राने राज्यांना कळवल्याचं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं. ते छापून नेलं होतं. खिडकीतला पोरगा पंचविशीचा. ‘नातं काय लिहू, काका?’ म्हणाला आणि मागच्याकडे बघून हसला. जीआर दाखवा म्हणे. अर्ज परत.

आणि आम्हाला सांगतात, नवी पिढी समजूतदार आहे, जरा दम धरा! आमच्या वाड्यातली ऐंशीची आजी संक्रांतीला दोघांच्या हातावर एकदम तीळगूळ ठेवते, ‘भांडू नका रे’ म्हणते. आता पिढ्यांचा हिशोब कसा मांडू?

मागल्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला. दवाखान्यात सहीला ‘घरचं माणूस’ आणा म्हणाले. अक्कलकोटहून त्याची बहीण येईपर्यंत मी बाकड्यावर परका होऊन बसलो. तो आत, मी बाहेर. अजून झोपेतून दचकून उठतो.

२०२३ साली समलिंगी लग्नाच्या मान्यतेचा खटला सुप्रीम कोर्टात चालला, तेव्हा केंद्राने त्याला शहरी उच्चभ्रूंचं खूळ ठरवलं. आमच्या खोलीचं भाडं अडीच हजार आहे, उच्चभ्रूंत बसतं का बघा. वकिलांची संस्था बार कौन्सिल म्हणाली, ९९.९ टक्के लोक अशा लग्नाच्या विरोधात. त्याच साली प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पाहणीत ५३ टक्के भारतीय बाजूने निघाले. वकिलांचंच खरं धरू. तरी १४० कोटींत चौदा लाख उरतात, त्यातली एक आमच्या वाड्यात तीळगूळ वाटते.

मे २०२३ मध्ये राज्यांची मतं कोर्टापुढे आली. राजस्थान, आसाम, आंध्र सरळ नको म्हणाले. पुरोगामी महाराष्ट्राने काय केलं? मुदत मागितली! राजस्थानने निदान कलेक्टरांना तरी विचारलं होतं. तुम्ही कुणाला विचारताय? १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्ट म्हणालं, कायदा संसदेचं काम. संसद गप्प. तैवानात २०१८ च्या सार्वमताचा कौल विरोधात गेला, तरी २०१९ ला कायदा झाला. इथे तर लग्न लांबच, आधी गहू-तांदळाचं बोला.

खिडकीवर दाखवता येईल असा एक कागद द्या. आणि ती मुदत किती वर्षांची होती, तेवढं कळवा. साठी माझी उलटलीय, सरकारची नाही.

आपला,
एक निवृत्त यंत्रमाग कामगार, सोलापूर