वरच्या वावरात घर बांधा, खालचं राहू द्या

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हक्कसोडपत्रावर सही करायला ये, असा बाबांचा निरोप मिळाला. मी सही करणार नाही. मला वाटा नकोय. 2005 च्या कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत समान हक्क दिला तरी मी कधी त्याचं नाव काढलं नाही. आज काढते, कारण ओढ्याकाठचं खालचं वावर गुंठ्यागुंठ्यानं विकलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

शेजारच्या प्लॉटिंगनं काय केलं ते तुम्ही रोज बघता. काळ्या रानावर मुरूम पसरला. रस्त्यासाठी ओढ्यात दोन सिमेंटचे पाइप टाकून वर भराव घातला. पावसात पाणी तुंबलं ते आपल्या कांद्यात शिरलं. आई, तू काढलेला कांदा नुसता बोटानं दाबला तरी पाणी सुटत होतं. आता तिथं घरं होतायत. ड्रेनेज नाही, ज्याचा त्याचा शोषखड्डा, आणि उतार सरळ आपल्या विहिरीकडे. कालव्याच्या भरवशावर राहता येत नाही. खडकवासल्याचं पाणी आधी पुण्याला, मग आपल्या आवर्तनाला. विहीर नासली तर उरलेलं रानही पडीक पडेल.

दलाल म्हणतो, सगळं कायदेशीर आहे. 2023 मध्ये बागायतीच्या खरेदी-विक्रीचं किमान क्षेत्र 10 गुंठे ठरलं, म्हणून 11 गुंठ्यांचं एकच खरेदीखत करायचं आणि त्यात गुंठ्याला एक अशी अकरा नावं घालायची. उद्या त्या अकरा जणांत हद्दीवरून जुंपली की बाबांनाही कोर्टात ओढतील.

दादाला घर हवंच. दोन खोल्यांत पोरंबाळं घेऊन तो किती दिवस काढणार? गावठाणाला लागून आपलं वरचं मुरमाड वावर आहे, तिथं बाजरीसुद्धा कधी धड आली नाही. तिथं बांधा. गावठाणापासून 200 मीटरच्या आतली जमीन अकृषिक करून घेणं सोपं आहे, तहसीलमध्ये चौकशी मी करते.

बाबांच्या गुडघ्यांना आता शेत झेपत नाही, तर वाट्यानं कसायला द्या. विकायचंच झालं तर आधी भावकी एकत्र बसवा. हडपसरला मगर मंडळींनी सुमारे 400 एकर एकत्र करून मगरपट्टा सिटी ही वसाहत उभी केली, जमिनीच्या बदल्यात कंपनीत हिस्सा ठेवला.

रविवारी येते. तोवर कुणाकडून इसार घेऊ नका, आणि अडचण नेमकी किती रुपयांची आहे ते दादासमोर मला सांगा.

तुमची,
माई