उघडी गाडी घेताना आधी खाली वाका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या उघड्या गाड्यांच्या हौसेवर लेख आला होता. रंग, क्रोम, इंजिन, सुटे भाग कुठे मिळतात, सगळे त्यात होते. गाडीच्या सांगाड्याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात डेंटिंगचे काम करतो. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार पाहायला गर्दी करणारे हे गाव, जुन्या गाडीचा नाद इथे नवा नाही. पण हल्ली तरुण मुले मोबाइलवर फोटो पाहून बिनछपराची गाडी ठरवतात, टेम्पोत घालून आणतात आणि मग आमच्याकडे येतात. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

काडेपेटीचा आतला खण बाहेर काढून दोन बोटांनी पिळून पाहा, म्हणजे छप्पर गेल्यावर गाडीचे काय होते ते कळेल. ज्या गाडीला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र लोखंडी सांगाडा, नाही, तिथे छप्पर, खांब आणि फ्लोअर मिळूनच सगळा भार पेलतात. छप्पर नसले की तो दाराखालच्या पोकळ सिलवर आणि फ्लोअरवर येतो. म्हणून कारखाने उघड्या गाडीला मुळातच जादा मजबुती देत. १९४८ साली ब्रिटनमध्ये आलेली मॉरिस मायनर पहिल्यापासून उघड्या रूपातही मिळे, आणि तिच्या सिलला व पुढच्या खांबांच्या बुडाशी बंद गाडीत नसलेले जाड पत्रे असत. मायनर म्हणून कोणी उघडी गाडी दाखवली तर हे पत्रे आधी शोधावेत. नसतील तर ती बंद गाडीचे छप्पर कापून केलेली आहे.

आपल्याकडे हा प्रकार पद्मिनीच्या बाबतीत सर्रास दिसतो. पद्मिनी ज्या फियाट ११०० वरून आली, तिच्या यंत्रावर इटलीत फियाटने १९५५ साली उघडी ट्रास्फॉर्माबिले काढली होती. पण मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून उघडी पद्मिनी कधी निघाली नाही. आज लग्नाच्या वरातीसाठी कापलेल्या पद्मिनी ‘कन्व्हर्टिबल’ म्हणून विकल्या जातात याचे मला फार वाईट वाटते. चांगली, घट्ट गाडी ग्राइंडरने कापायची, वर पांढरा रंग मारायचा आणि किंमत वाढवायची. त्यात लहान मुले बसवून लोक घाटात जातात.

मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड वेगळी. तिला स्वतंत्र चासी आहे, बॉडीचे भाग बोल्टने जोडलेले आहेत, छप्परसुद्धा बोल्टवर. तिथे सिलपेक्षा चासीच्या बाजूला निघणारे आडवे हात पाहावेत. गंज तिथे खातो.

आता तपासायचे कसे. गाडी सपाट जागी उभी करून दोन पावले मागे सरा आणि दाराच्या मागच्या कडेची फट पाहा. वर मिटलेली आणि खाली उघडी असेल तर गाडी मधून बसली आहे. विकणारा बिजागरी हलवून दार बसवून देतो, म्हणून फट दिसायला सरळ असली तरी तिथे थांबू नये. पुढच्या चाकामागे जॅक लावून चाक उचलायला सांगा आणि दार उघडून मिटून पाहा. निरोगी गाडीत फटीत फारसा फरक पडत नाही. दार अडकले, किंवा जॅकच पत्र्यात घुसला, तर पुढचे काही विचारायची गरज नाही. लोहचुंबकाला पातळ फडके गुंडाळून सिलवरून आणि खांबांच्या बुडाशी फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मॅट उचला. खालचा डांबरी अंडरकोट एकाच पट्ट्यात ताजा काळा दिसला तर तिथे स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहायची परवानगी मागा. कापडी हूड गळतो, पाणी मॅटखाली साचते, ते निघून जायची भोके मातीने बुजलेली असतात, आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. रत्नागिरी-गोव्याकडून आलेल्या गाडीत तर हे आधीच धरून चालावे.

अपघाताने वाकलेली गाडी ओळखायला ओळंबा, खडू आणि टेप पुरतात. पुढच्या सस्पेन्शनचे दोन बोल्ट आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे पुढचे दोन बोल्ट, या चार जागांवरून ओळंबा सोडून फरशीवर खूण करा, गाडी ढकलून बाजूला घ्या आणि खुणांमधली दोन्ही तिरपी मापे मोजून ताडून पाहा. दोन-चार मिलिमीटरचे फरक जुन्या गाडीत चालून जातात. बोटभर फरक असेल तर गाडीने कधीतरी मोठा मार खाल्ला आहे.

मागे निपाणीकडून एक मायनर आमच्याकडे आली. रंग आरशासारखा. सिल कापले तर आत गंजका जुना पत्रा तसाच, त्यावर नवा चढवलेला, आणि मध्ये गंजाचा तांबडा भुगा. शिवाय आधीच्या कारागिराने दाराच्या चौकटीत अँगलचा टेका न देताच वेल्डिंग केले होते, त्यामुळे गाडी बसलेल्या स्थितीतच जोडली गेली. दोन्ही बाजू उकलून, टेके देऊन, एकेक बाजू करत पुन्हा बांधावी लागली. इंजिनाचे भाग शोधले की मिळतात. सांगाडा विकत मिळत नाही.

कागदांचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे की कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क आहे. पण चासीत किंवा बॉडीत फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. कापलेली पद्मिनी घेणाऱ्याला हे आरटीओच्या खिडकीवर कळते.

आपल्या वृत्तपत्रात जुन्या गाड्यांच्या छोट्या जाहिराती येतात. त्यात ‘मुळात उघडी’ की ‘छप्पर कापलेली’ हे लिहिणे आपण जाहिरातदारांना सक्तीचे करावे, आणि फोटोंमध्ये एक फोटो गाडीच्या खालच्या बाजूचा मागावा. जुन्या गाड्यांच्या रॅली भरवणाऱ्यांनीही प्रवेश अर्जात हीच माहिती विचारावी, ही विनंती.

आपला,
एक डेंटर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर