तक्रार पत्र: कागद तपासण्याचे पैसे घेतलेत, मग तपासलंत काय?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: कोपरखैरणे येथील बैठ्या घराच्या खरेदीत दिलेला चुकीचा कागदपत्र तपासणी अहवाल व शुल्क परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीमार्फत आम्ही कोपरखैरण्यात तीन टाकीजवळ एक जुनं बैठं घर विकत घेतलं. सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या) रांगेतलं, दोन्ही अंगांना सामाईक भिंती, पुढे हातभर ओटा. घर लहान आहे, गल्लीत दिवसभर रिक्षा-टेम्पोंचा गोंगाट असतो आणि स्कूटर लावायला जागा शोधावी लागते. यातल्या कशाबद्दलही माझी तक्रार नाही. हे सगळं बघूनच घेतलं. मिस्टरांचं काम वाशीच्या मार्केटात, ठाणे-वाशी लोकलचं स्टेशन जवळ, आणि तेवढ्या पैशांत टॉवरमध्ये काही मिळत नव्हतं. तक्रार आहे ती बघून न कळणाऱ्या गोष्टींची. त्या तपासायला तुम्ही दलाली सोडून वेगळं शुल्क घेतलं होतं, जीएसटीसकट.

तुमच्या अहवालात लिहिलं आहे: 'तळमजला अधिक दोन मजले, टायटल क्लिअर, फ्रीहोल्ड.' म्हणजे मालकी निर्वेध आणि जमीन भाडेपट्ट्याची नाही, कायमच्या मालकीची. यातला तळमजला तेवढा खरा निघाला.

सिडकोने हे घर तळमजल्यापुरतंच दिलं होतं. वरचे दोन्ही मजले आधीच्या मालकाने चढवले. त्यांचा मंजूर नकाशा नाही, भोगवटा प्रमाणपत्र (वापराची परवानगी) नाही. आता महापालिकेची एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ५३ खाली नोटीस आली आहे, वाढीव बांधकाम काढून टाका म्हणून. नोटीस माझ्या नावावर आहे, कारण आज मालक मी. बांधणारा पैसे घेऊन गावाला गेला.

तुमच्या कार्यालयात विचारलं तर तुमच्या प्रतिनिधींनी अहवालाला जोडलेली मालमत्ता कराची पावती पुढे केली. "बघा मॅडम, टॅक्स तिन्ही मजल्यांचा भरलाय." कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हे घरांच्या धंद्यात असलेल्या माणसाला माहीत नसावं? महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, वर शास्ती म्हणजे दंडही लावते. त्या पावतीवर शास्तीचा रकाना भरलेला आहे. अहवाल लिहिणाऱ्याने तो रकाना नुसता वाचला असता तरी पुरे होतं.

फ्रीहोल्डचंही तसंच. ही जमीन सिडकोच्या साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं सरली आहेत. मूळ वाटपपत्र आणि भाडेपट्टा करार दोन्ही तुमच्याच फायलीत होते. सिडकोचं हस्तांतरण शुल्क आम्ही तुमच्या माणसाबरोबर जाऊन भरलं. जमीन फ्रीहोल्ड होती तर ते शुल्क कशाचं भरलं, एवढं तरी त्याच्या मनात यायला हवं होतं.

सगळ्यात जास्त राग मला बँकेच्या प्रसंगाचा आहे. बँकेच्या व्हॅल्युअरने फक्त तळमजल्याचं मूल्य धरलं आणि कर्ज कमी बसलं. त्या वेळी तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "बँकेचं नेहमीचंच आहे, जुन्या घरांना ते कमीच धरतात, फरक तुम्ही बाहेरून जमवा." आम्ही जमवला. सासूबाईंच्या पाटल्या मोडल्या, दिरांकडून उसने घेतले. व्हॅल्युअरने कमी का धरलं, हे विचारणं हेच तुमचं काम होतं.

आता तुमचं उत्तर असं की, "अख्ख्या गल्लीत वर मजले आहेत, कोणाचं काय झालं?" गल्लीचं काय व्हायचं ते होईल. डावीकडच्या शेजाऱ्यांनी सामाईक भिंतीवर तीन मजले चढवलेत. पावसाळ्यात त्याच भिंतीतून आमच्या माजघरात पाणी उतरतं आणि उभी चीर वाढत चालली आहे. मी त्यांची तक्रार कोणत्या तोंडाने करू? ते माझ्या मजल्यांकडे बोट दाखवतील. विकायला काढलं तरी, पुढचा खरेदीदार नीट तपासणारा निघाला तर तळमजल्याचीच किंमत देईल.

तरी माझ्या मागण्या अशा. तपासणीचं शुल्क आणि दलाली दोन्ही जीएसटीसह परत करा. अहवालावर ज्या वकिलांची सही आहे त्यांनी सिडकोच्या आणि महापालिकेच्या कोणत्या कागदांच्या आधारे तो दिला, ते लेखी कळवा. वाढीव बांधकाम पाडावं लागलं तर तो खर्च आणि सामाईक भिंतीची स्ट्रक्चरल तपासणी यांची जबाबदारी घ्या. मजल्यांच्या किमतीतला फरक मी विक्रेत्याकडून वेगळा मागणार आहे, त्याचा पूर्ण पत्ता द्या. 'पत्ता गोपनीय आहे' हे उत्तर चालणार नाही. खरेदीखतावर आहे तो पत्ता बंद खोलीचा निघाला आहे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फीही लागत नाही, त्यामुळे बाई कंटाळून गप्प बसेल या भरवशावर राहू नका. उत्तर ईमेलने किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवावं. फोनवर मी यापुढे काहीही बोलणार नाही, आणि पेढे घेऊन समजूत काढायला कोणी घरी येऊ नये.

आपली,
(सही)
खरेदीदार

सोबत: तपासणी अहवाल, शुल्काची पावती, महापालिकेची नोटीस, मालमत्ता कराची पावती व बँकेचा मूल्यांकन अहवाल यांच्या प्रती.