फॉस्टर केअरमधल्या मुलांना कॉलेजपर्यंत पोचवणारी माणसं हवी आहेत

सप्रेम नमस्कार,

कॅलिफोर्नियात, आपल्या भागातल्या राज्य विद्यापीठात फॉस्टर केअरमधून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक कार्यक्रम चालतो. त्या कार्यक्रमाने आता कॉलेजच्या उंबरठ्यावरच्या मुलांचं काम हाती घेतलं आहे. अकरावी-बारावीत शिकणाऱ्या, फॉस्टर केअरमधल्या मुलामुलींना एकेक मोठं माणूस मार्गदर्शक म्हणून जोडून द्यायचं आणि ते नातं कॉलेजचं पहिलं वर्ष संपेपर्यंत टिकवायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. मुलांची नावं आली आहेत, माणसं कमी पडताहेत. ती आपल्या मराठी मंडळाने द्यावीत असं कार्यकारिणीने एकमताने ठरवलं. हे पत्र त्यासाठीच.

फॉस्टर केअरबद्दल आपण ऐकलेलं असतं, पण जवळून पाहिलेलं नसतं. घरात मारहाण होते, मुलाची हेळसांड होते, आईवडील व्यसनात अडकलेले असतात, तेव्हा न्यायालय मुलाला त्या घरातून काढून काउंटीच्या (जिल्हा प्रशासनाच्या) ताब्यात देतं. मग ते मूल नातेवाइकांकडे, फॉस्टर कुटुंबात किंवा एखाद्या संस्थेत राहतं. अमेरिकेत कुठल्याही एका दिवशी अशी तीन लाखांहून जास्त मुलं असतात. पुष्कळशी पुन्हा आपल्या घरी जातात, काहींना दत्तक घेतलं जातं. ज्यांचं यातलं काहीच होत नाही, ती एका ठरावीक वाढदिवसानंतर या व्यवस्थेतून बाहेर पडतात. कॅलिफोर्नियात २०१० साली झालेल्या कायद्यामुळे, काही अटी पाळल्या तर, वयाच्या २१व्या वर्षापर्यंत आधार मिळतो. पण आपल्या घरातली एकविशीची मुलं आठवा. त्यांचा फोन अजून आपल्या फॅमिली प्लॅनवर असतो, गाडीचा विमा आपण भरतो, आणि परीक्षा संपली की ती बॅग घेऊन घरी येतात.

शिकागो विद्यापीठातल्या चॅपिन हॉल या संशोधन केंद्राने आयोवा, विस्कॉन्सिन आणि इलिनॉय या तीन राज्यांतल्या अशा तरुणांचा सतराव्या-अठराव्या वर्षापासून पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला. वयाच्या २६व्या वर्षी त्यांच्यातल्या जेमतेम ८ टक्के जणांकडे दोन किंवा चार वर्षांची पदवी होती. त्याच वयाच्या इतर तरुणांमध्ये हे प्रमाण ४६ टक्के होतं. शिकायची इच्छा नव्हती म्हणून असं झालं नाही. सुरुवातीला विचारलं तेव्हा त्यांच्यातल्या बहुसंख्य मुलांनी कॉलेजला जायचंय असंच सांगितलं होतं.

पैसा नाही म्हणून ही मुलं मागे पडतात, असं आपल्याला पहिल्यांदा वाटतं. पैसा लागतोच, पण मदतीच्या योजना आहेत आणि बऱ्यापैकी चांगल्या आहेत. केंद्र सरकारच्या चेफी कार्यक्रमातून पात्र विद्यार्थ्याला वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत, जास्तीत जास्त पाच वर्षं आणि वयाच्या २६व्या वर्षापर्यंत मिळू शकतात. वयाच्या तेराव्या वर्षानंतर एक दिवस जरी फॉस्टर केअरमध्ये काढला असेल, तरी फॅफ्सा या आर्थिक मदतीच्या सरकारी अर्जात तो विद्यार्थी स्वतंत्र धरला जातो, आईवडिलांच्या उत्पन्नाचा हिशोब द्यावा लागत नाही. पेल ग्रँट हे केंद्र सरकारचं अनुदान आहे, कॅल ग्रँट हे राज्याचं आहे. अठराव्या वाढदिवशी जे फॉस्टर केअरमध्ये होते त्यांना २६ वर्षांपर्यंत मेडि-कॅल या राज्याच्या योजनेचा आरोग्य विमा मिळतो. नसतं ते इतकंच, की हे सगळं माहीत असलेलं आणि मुलाच्या मागे लागून ते करून घेणारं घरचं माणूस.

शाळेचंच बघा. फॉस्टर केअरमध्ये घर बदललं की अनेकदा शाळाही बदलते, आणि तेही सत्राच्या मध्येच. अर्धं सत्र केलेल्या विषयाचे अर्धे क्रेडिट नव्या शाळेने द्यायला हवेत, असा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. पण कायद्यात आहे म्हणून ते ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) आपोआप चढत नाहीत. जुन्या शाळेतून कागद यावे लागतात, कुणीतरी काउन्सेलरसमोर बसून एकेक विषय ताडून बघावा लागतो. हे झालं नाही तर मुलगी तोच बीजगणिताचा धडा तिसऱ्या शाळेत तिसऱ्यांदा शिकत बसते.

यातला एक पेच मला मुद्दाम सांगावासा वाटतो, कारण तो भल्या हेतूने केलेल्या तरतुदीतून येतो. हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षानंतर, म्हणजे दहावीनंतर, शाळा बदलावी लागलेल्या फॉस्टर विद्यार्थ्याला त्या शाळेच्या जादा अटींमधून सूट मिळू शकते आणि राज्याच्या किमान अटींवर डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला, मिळतो. अनेकांसाठी हा खरोखरच मोठा दिलासा आहे. परंतु राज्याची किमान अट गणिताच्या दोन वर्षांची आहे, तर कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) किंवा यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) या राज्याच्या विद्यापीठांमध्ये थेट प्रवेशासाठी ‘ए ते जी’ या आवश्यक विषयांच्या यादीतली तीन वर्षांची गणितं आणि दोन वर्षांची परकी भाषा लागते. सूट घेतली की डिप्लोमा हातात येतो, आणि चार वर्षांच्या विद्यापीठाचं दार बारावीतच बंद झालेलं असू शकतं. सूट घ्यायची की उन्हाळी वर्ग करून ते विषय भरून काढायचे, की आधी दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज करून मग विद्यापीठात बदली घ्यायची, हा निर्णय सतरा वर्षांच्या मुलाने एकट्याने करायचा नसतो. कम्युनिटी कॉलेजचा रस्ता अजिबात कमी प्रतीचा नाही, पण तो समजून निवडलेला असावा.

पुढे अर्जांचा हंगाम येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कॅल स्टेट आणि यूसीचे अर्ज, ईओपी या गरजू विद्यार्थ्यांसाठीच्या मदत कार्यक्रमाचा वेगळा अर्ज, कॅल ग्रँटसाठी साधारण २ मार्चची मुदत, प्रवेश मिळाला की १ मेपर्यंत होकार कळवायचा. त्यात आर्थिक साहाय्य कार्यालय फॉस्टर केअरचा पुरावा मागतं आणि काउंटीकडून ते पत्र आणावं लागतं. जन्मदाखला आणि सोशल सिक्युरिटी कार्ड जवळ असतंच असं नाही. खातं उघडताना दिलेला फोन नंबर बदललेला असतो, त्यामुळे पडताळणीचा कोड भलतीकडेच जातो. अर्ज शाळेच्या ईमेलवरून भरला असेल तर जूननंतर तो ईमेलच बंद होऊ शकतो, आणि विद्यापीठाची सगळी पत्रं तिथेच पडून राहतात. प्रवेश मिळालेली मुलं उन्हाळ्यात गळतात ती अशी, डिपॉझिटची एखादी तारीख चुकून किंवा न वाचलेल्या एका ईमेलपायी.

आपल्याला, म्हणजे या मंडळातल्या आईबापांना, यातलं बहुतेक सगळं पाठ आहे. परक्या देशात येऊन आपण ही प्रवेशाची भानगड शून्यापासून शिकलो, तारखा फ्रिजवर लावल्या, निबंधांचे मसुदे रात्री बारा वाजता वाचले. मुलं कॉलेजला गेली आणि ते ज्ञान आपल्याकडे तसंच पडून आहे. आम्ही मागतो आहोत ते हेच.

विद्यापीठातून चालणाऱ्या अशा कामाचा अनुभव चांगला आहे. कॅल स्टेट फुलर्टनमध्ये १९९८ साली गार्डियन स्कॉलर्स कार्यक्रम सुरू झाला आणि त्या धर्तीवर राज्यातल्या अनेक कॉलेजांत कार्यक्रम उभे राहिले. मिशिगनमध्ये वेस्टर्न मिशिगन विद्यापीठाने २००८ साली सीटा स्कॉलर्स सुरू केला. जॉन सीटा स्वतः फॉस्टर केअरमध्ये वाढले आणि त्याच विद्यापीठात शिकले, त्यांचं नाव त्या कार्यक्रमाला दिलं आहे. आपल्या कामाला सर्वांत जवळचा नमुना पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या बेटर फ्यूचर्स प्रकल्पाचा. त्यात हायस्कूलच्या शेवटच्या टप्प्यातल्या मुलांनी उन्हाळ्यात काही दिवस कॅम्पसवर, वसतिगृहात राहून बघितलं, आणि नंतर अनेक महिने फॉस्टर केअरचा किंवा मानसिक आजाराशी झगडण्याचा स्वतः अनुभव घेतलेले कॉलेज विद्यार्थी त्यांच्या सोबत राहिले. ६७ तरुणांवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, ज्यांना ही सोबत मिळाली त्यांच्यातले कॉलेजात जाणारे अधिक निघाले. स्वतः त्या वाटेने गेलेल्या विद्यार्थ्यांची जागा आपण घेऊ शकत नाही. विद्यापीठाचे असे विद्यार्थी आपल्याही जोडीला असतील. कागदपत्रं, तारखा, गाडीने नेणं-आणणं, निबंध वाचणं, फोन उचलणं आपल्याकडे.

काम किती? महिन्यातून दोनदा प्रत्यक्ष भेट, मध्ये आठवड्याला एक फोन किंवा मेसेज, आणि अर्जांच्या दिवसांत थोडं जास्त. नोकरी करणाऱ्याला जमण्यासारखं आहे. निवृत्त सभासदांची तर फार गरज आहे, कारण काउंटीचं कार्यालय आणि शाळेचे काउन्सेलर दिवसाच भेटतात. सुरुवातीला लाइव्ह स्कॅनवर (संगणकीय यंत्रावर) बोटांचे ठसे द्यावे लागतील, पार्श्वभूमीची तपासणी होईल आणि विद्यापीठाचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. त्याला वेळ लागतो, म्हणून आत्ताच नावं हवी आहेत.

एक अट आम्ही आमच्याकडून घालतो आहोत आणि ती कडक आहे. दोन वर्षं राहता येणार असेल तरच नाव द्या. या मुलांच्या आयुष्यातून माणसं फार वेळा उठून गेलेली असतात, सोशल वर्कर बदलतात, शाळा बदलतात, घरं बदलतात. सहा महिन्यांनी जमत नाही म्हणणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा मार्गदर्शक नसलेला बरा. नोकरी बदलण्याची शक्यता असेल, भारतात परत जायचा विचार असेल, तर कृपया देणगी द्या किंवा कार्यक्रमाच्या दिवशी गाडी घेऊन या. तीही खरी मदत आहे.

आणखी काही गोष्टी, ज्या आपल्या सवयींमुळे सांगाव्या लागतात. नव्या मुलाशी ओळख करून घेताना आपण सहज विचारतो, आई काय करते, बाबा कुठे असतात, भावंडं किती. ते इथे विचारायचं नाही. मूल सांगेल तेव्हा ऐकायचं. त्याचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा नाही, नाव घरीदारी घ्यायचं नाही, ही माहिती कायद्याने गोपनीय आहे. ‘बिचारी मुलं’ हा शब्द तर आपल्या बोलण्यात येऊच नये. आणि मुलाला वेल्डिंग शिकायचं असेल, नर्सिंग करायचं असेल, रंगभूमीचा अभ्यास करायचा असेल, तर त्याला इंजिनिअरिंगकडे वळवायला आपण तिथे नाही.

देणगीबद्दल. सरकारी मदत फी आणि राहण्या-जेवण्यासाठी असते, पण ती बहुधा सत्र सुरू झाल्यावर हातात येते आणि खर्च त्याआधीच सुरू होतात. कॅल स्टेटच्या अर्जाला प्रत्येक कॅम्पसचे ७० डॉलर लागतात. पात्र विद्यार्थ्याला चार कॅम्पसपर्यंत ते माफ होतात, पण इतर विद्यापीठांचा प्रश्न उरतो. वसतिगृहाचं डिपॉझिट, लॅपटॉप, वर्ग सुरू होण्याआधीची पुस्तकं, अंथरूण-पांघरूण, टॉवेल, बसचा पास यांची सोय आम्हाला करायची आहे. आणि एक खर्च असा आहे जो आपल्याला सुचतही नाही, तो म्हणजे नाताळच्या सुट्टीत वसतिगृह बंद झालं तर मुलाने राहायचं कुठे. विद्यापीठाचा कार्यक्रम काही जणांची सोय करतो, उरलेल्यांसाठी आम्हाला निधी राखून ठेवायचा आहे. पैसे थेट मुलांच्या हातात न देता विद्यापीठाच्या कार्यक्रमामार्फत खर्च होतील आणि हिशोब वार्षिक सभेत सर्वांसमोर मांडला जाईल. मंडळ नोंदणीकृत ना-नफा संस्था आहे, त्यामुळे देणगीची करपावती मिळेल. बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात, तेवढा अर्ज भरायला विसरू नका. वापरलेल्या वस्तू सध्या नकोत. या मुलांना कायम दुसऱ्याचंच वापरलेलं मिळालेलं असतं, कॉलेजची पहिली चादर तरी त्यांनी स्वतः दुकानात जाऊन निवडावी अशी आमची इच्छा आहे.

मंडळाच्या युवा शाखेतल्या, त्याच विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींनाही विनंती आहे. कॅम्पस दाखवायला, ग्रंथालयात आणि जेवणघरात सोबत बसायला तुमच्याइतकं योग्य कुणी नाही.

नाव द्यायचं असेल, देणगी द्यायची असेल किंवा नुसतं विचारायचं असेल, तर मंडळाच्या नेहमीच्या ईमेलवर ‘मार्गदर्शक’ असा विषय लिहून कळवा. गणेशोत्सवात आरतीनंतर समितीचे सदस्य प्रवेशद्वाराजवळच्या टेबलाशी बसतील, विद्यापीठाच्या कार्यक्रमाचे समन्वयकही तिथे येणार आहेत. अर्जांची खिडकी १ ऑक्टोबरला उघडते, म्हणून पहिल्या तुकडीची नावं उत्सव संपण्याआधी हवी आहेत. उशिरा आलेली नावं जानेवारीच्या प्रशिक्षणात घेऊ.

आपली,
शिक्षण साहाय्य समिती आणि कार्यकारिणी