ताई, ‘कुठं थांबलीस?’ असं विचारल्याबद्दल

आदरणीय ताई,

या महिन्याअखेर तुम्ही निवृत्त होताय, असं वाचनालयाच्या फलकावर वाचलं. निरोपाच्या कार्यक्रमात बोलायला बरीच मंडळी असतील. मला सांगायचंय ते दोन वाक्यांत मावणारं नाही, म्हणून पत्र. आणि ते उघड लिहितेय, कारण फोंड्यातल्या कितीतरी वाचकांना यात आपलंच म्हणणं सापडेल.

मी काही साहित्याची विद्यार्थिनी नव्हे. पतसंस्थेतून सुटल्यावर बस येईपर्यंत पुस्तक बदलायला येणारी वाचक. पुस्तक परत करताना ‘छान होतं’ म्हटलं की तुम्ही रजिस्टरवरची नजर वर करून विचारायचात, ‘कुठं थांबलीस?’ कुठलं पान पुन्हा वाचलंस, कुठं कंटाळलीस, कुठं पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं. या प्रश्नांना वरवरचं उत्तर देताच येत नाही. हळूहळू वाचतानाच मी माझं खरं उत्तर शोधायला लागले, आणि त्यासाठी मी तुमची ऋणी आहे.

‘कोसला’ अर्ध्यावर परत आणली तेव्हा मी सरळ सांगितलं, की ते होस्टेल, ती मेस, ते गॅदरिंग मला संपता संपेना. १९६३पासून जिचं नाव आदरानं घेतलं जातं त्या कादंबरीबद्दल हे ऐकून दुसऱ्या कुणी मला शहाणपण शिकवलं असतं. तुम्ही एवढंच विचारलंत, ‘मनीपर्यंत पोचलीस?’ नव्हते पोचले. पुस्तक पुन्हा घरी नेलं. देवीच्या रोगानं बहीण गेल्यावर पांडुरंगचा जो संताप उसळतो, ती पानं मी सलग वाचू शकले नाही. कॉलेजचा भाग लांबला आहे, हे माझं मत आजही तसंच आहे. तुम्ही ते खोडायला गेला नाहीत.

‘बनगरवाडी’ उलट हातातून सुटेना. तिथं फार काही घडत नाही. एक तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीत येतो, शाळा चालवतो, तालीम बांधून घेतो. पण शेवटी दुष्काळानं अख्खी वाडी उठून जाते, ते मला फार लागलं. आमच्याकडे जूनमध्ये सुरू झालेला पाऊस पुरे पुरे करून सोडतो. पाणी नाही म्हणून माणसं घरं टाकून निघतात, हे मी त्या पुस्तकातच पहिल्यांदा नीट पाहिलं.

सगळ्यात जास्त आभार मात्र दोन पुस्तकं एकापाठोपाठ हातात ठेवल्याबद्दल. आधी महाबळेश्वर सैल यांचं ‘तांडव’. सोळाव्या शतकातली गोव्यातली धर्मांतरं, पोर्तुगीज सत्तेचा वरवंटा. आपण अंत्रुजातली, म्हणजे फोंड्याकडची माणसं. मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून आली, देवांनी नदी ओलांडली, हे आपण आजीच्या तोंडून ऐकत वाढलो. ते ऐकताना देव दिसायचा; मागं राहिलेली माणसं दिसायची नाहीत. ‘तांडव’नं ती दाखवली. काही प्रसंग इतके क्रूर आहेत की मी मध्येच वाचणं थांबवलं, आणि रागही खूप आला.

तो राग तसाच असताना तुम्ही ‘स्मृतिचित्रे’ दिलंत. १८९५ साली रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या घरावर काय कोसळलं, आणि पुढं काही वर्षांनी त्या स्वतः विचार करून त्याच वाटेनं कशा गेल्या. इथं तलवार नाही, कोतवाल नाही. एक नवरा, एक बायको, एक मूल आणि रडता रडता हसवणारी ती बाई. एकाच गोष्टीची दोन इतकी वेगळी रूपं पाठोपाठ वाचल्यावर माझ्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे, त्यांच्या आणि आमच्या जुन्या आडनावांकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले. हा क्रम तुम्ही ठरवून लावला होतात, याची मला खात्री आहे.

त्याच ओघात तुम्ही मला पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात धाडलंत. १८३२पासून चालत आलेलं हे ग्रंथालय ज्यांच्या नावानं आज ओळखलं जातं, ते कृष्णदास शामा केळशीचेच, आणि त्यांनी १५२६ साली मराठीत कृष्णचरित्र लिहायला घेतलं होतं, हे मला तुमच्यामुळं कळलं.

‘पानिपत’ची लढाई मी वेगानं वाचली, त्याआधीची छावणीतली उपासमार जास्त लक्षात राहिली. ‘ऋतुचक्र’ तुम्ही सांगितलंत तसं ज्या त्या महिन्यात तो तो महिना वाचते, आणि ते पुस्तक तसंच वाचावं असं आता मीही इतरांना सांगते. ‘एक होता कार्व्हर’ माझ्या मुलीनं पळवलं. दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ कोंकणीतूनच वाच, असा तुमचा आग्रह. घरात कोंकणी बोलणारी मी वाचताना मात्र सावकाश चालले, पण कुवेतला घरकामाला गेलेल्या त्या बाईचं एकटेपण त्या संथपणानंच आत उतरलं. आखातात गेलेल्या माणसांच्या पैशांवर उभी राहिलेली घरं आपल्याकडे गावोगाव आहेत. त्या पैशांची किंमत काय, ते तिनं सांगितलं.

जी. एं.ची ‘काजळमाया’ मला झेपली नाही. भाषा भारून टाकते, पण त्या अंधारात मला राहवत नाही. तुम्ही म्हणालात, ‘राहू दे, पुस्तक कुठं पळत नाही.’ एखादं मोठं पुस्तक आपल्यासाठी आज नाही, हे अपराधी न वाटता म्हणता येणं ही मला मिळालेली फार मोठी मोकळीक आहे.

तुमच्या जागी जे येतील त्यांना कृपा करून हा प्रश्न सांगून जा. नाहीच जमलं तर मी सांगेन.

‘गारंबीचा बापू’ सध्या माझ्याकडे आहे. बापू आवडतोय; राधेचं अजून ठरत नाही. शनिवारी येते तेव्हा त्यावर बोलू.

तुमची,
फोंड्याची एक वाचक